दोन ब्रोकरेजसाठी एकाच वेळी काम करताना: हितसंघर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चार वर्षं दोन ब्रोकरेज ऑफिसांसाठी एकाच वेळी काम केलं. एकीकडे पुनर्विक्रीची घरं बघायचे, दुसरीकडे भाड्याची. तेव्हापासून नवे एजंट, ऑफिस चालवणारे आणि कधी कधी घरमालकही मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

दोन ब्रोकरेजसाठी एकाच वेळी काम करता तरी येतं का?

हे तुमच्या परवान्यावर ठरतं, आणि परवान्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्वतःचा परवाना किंवा नोंदणी कुणाच्या नावाखाली आहे ते बघणं.

अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या राज्यांत सेल्सपर्सनचा, म्हणजे ब्रोकरच्या हाताखाली काम करणाऱ्या एजंटाचा, परवाना एका वेळी एकाच ब्रोकरच्या नावाखाली असतो. दुसऱ्या ब्रोकरसाठी हळूच एखादा सौदा करून देणं तिथे थेट नियमभंग ठरतं. सिंगापूरमध्येही एजंटाची नोंदणी एका वेळी एकाच एजन्सीत होते, आणि कोण कुठे नोंदलेलं आहे हे ग्राहकाला सरकारी नोंदवहीत पाहता येतं. ज्याच्याकडे स्वतःचा ब्रोकर परवाना आहे त्याला काही राज्यांत जास्त मोकळीक मिळते. भारतात २०१६च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी घ्यावीच लागते, आणि त्याच्यामार्फत झालेल्या प्रत्येक विक्रीवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकावा लागतो.

‘एकच ऑफिस’ हा नियम अनेकांना जाच वाटतो. मला तो तसा वाटत नाही. एजंटाच्या चुकीला ब्रोकर जबाबदार असतो आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणं हे ब्रोकरचं काम असतं. एक माणूस दोन ऑफिसांत बसला की गडबड झाल्यावर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ज्याचं टोकन अडकलंय तो ग्राहक मध्ये उभा राहतो.

जिथे नियमानेच बंदी आहे तिथे पुढचे प्रश्न वाचून पळवाट सापडणार नाही. जिथे परवानगी आहे, किंवा नियम गप्प आहेत, तिथल्यांसाठी पुढचं सगळं आहे.

हितसंघर्ष म्हणजे फसवणूकच ना? मी कुणाला फसवत नाही, मग मला त्याचं काय?

नाही. फसवणूक ही कृती आहे आणि हितसंघर्ष ही परिस्थिती आहे. एका पार्टीचं भलं करायला गेलं की दुसऱ्या पार्टीचं, दुसऱ्या ऑफिसचं किंवा तुमच्या स्वतःच्या खिशाचं नुकसान होईल, अशा जागी तुम्ही उभे असाल तर संघर्ष झालेला आहे. तुम्ही अजून काहीही वाईट केलेलं नसलं तरी. म्हणूनच ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हे उत्तर इथे चालत नाही. विश्वास आहे म्हणूनच तर तुम्हाला चावी दिलेली असते.

एका ऑफिसात मी विक्री बघतो, दुसऱ्यात भाडं. कामंच वेगळी, मग अडचण येणार कुठे?

मलाही अगदी हेच वाटायचं.

पहिल्या ऑफिसात एका बाईंनी घर विकायला दिलं होतं. चावी हातात देताना त्या म्हणाल्या, “यांच्या उपचारांसाठी दोन महिन्यांत पैसे उभे करायचेत. मागितलंय त्यापेक्षा आठ टक्क्यांपर्यंत खाली येईन, पण हे कुणाला बोलू नकोस.” मी नाही बोलले.

तीन आठवड्यांनी मी दुसऱ्या ऑफिसात एका जोडप्याला भाड्याची घरं दाखवत होते. चौथं घर बघून झाल्यावर नवरा म्हणाला, “ताई, एवढं भाडं भरण्यापेक्षा घेऊनच टाकावं म्हणतो.” त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. जाहिरातीतल्या फोटोत निळी जाळी होती आणि खिडकीत काठ फुटलेली कुंडी. त्या बाईंचंच घर. त्याचा पुढचा प्रश्न साधा होता: “हे लोक किती खाली येतील?”

मी म्हणाले, “मला नाही माहीत.”

ते खोटं होतं, आणि ते ऐकणारा माणूस माझ्या ऑफिसचा ग्राहक होता. त्याने त्याचं बजेट, कर्जाची मर्यादा, बायकोच्या बदलीची तारीख, सगळं मला विश्वासाने सांगितलेलं होतं. खरं सांगितलं असतं तर बाईंचा विश्वासघात झाला असता. ‘मी सांगू शकत नाही’ म्हटलं असतं तरी त्याला कळलंच असतं की सांगण्यासारखं काहीतरी आहे. बोलले तरी चूक आणि गप्प राहिले तरी चूक. त्या खुर्चीत बसून बरोबर ठरेल असं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं.

मी जिन्यात जाऊन दोन्ही ऑफिसांच्या साहेबांना फोन केला, काय झालं ते सांगितलं आणि दोन्हीकडून बाजूला झाले. एक साहेब चिडले, ते रास्तच होतं. कारण मी दुसरीकडे काम करते हे त्यांना ‘साधारण माहीत’ होतं, लेखी काही नव्हतं. पुढे तो व्यवहार दुसऱ्या दोन सहकाऱ्यांनी केला. मला त्यातून काही मिळालं नाही, मिळायलाही नको होतं. पण ते “मला नाही माहीत” अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा कामं वेगळी असणं पुरेसं नाही. भाडेकरू उद्या खरेदीदार होतो, मालक उद्या भाड्याने द्यायचं ठरवतो. घरं वेगळी, विभाग वेगळे, पण ऐकणारे कान तुमचेच दोन असतात.

विकणारा एका ऑफिसचा आणि घेणारा दुसऱ्या ऑफिसचा, दोन्ही माझेच. दोन्हीकडची दलाली घेतली तर काय बिघडलं?

एकाच सौद्यात दोन्ही बाजूंचा एजंट होणं हा सगळ्यात उघड संघर्ष आहे. विकणाऱ्याला किंमत जास्त हवी, घेणाऱ्याला कमी. मध्ये उभा असलेला माणूस दोघांसाठी एकाच वेळी जोर लावू शकत नाही. तो बहुतेक वेळा सौदा लवकर मिटावा यासाठी जोर लावतो, आणि ते फक्त त्याच्या स्वतःच्या हिताचं असतं.

याकडे कायदे कसे बघतात ते पाहण्यासारखं आहे. सिंगापूरमध्ये एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचं प्रतिनिधित्व करायला एजंटाला मनाई आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जून २०१८मध्ये अशा दुहेरी प्रतिनिधित्वावर, अगदी मोजके अपवाद सोडून, बंदी घातली. अमेरिकेत फ्लोरिडा आणि कोलोरॅडो या राज्यांत ते चालत नाही. तिथे एजंट दोघांचाही वकील न होता निव्वळ मध्यस्थ म्हणून व्यवहार पार पाडू शकतो. मग त्याने कुणालाच ‘इतकं मागा’, ‘इतकंच द्या’ असा सल्ला द्यायचा नसतो. इतर अनेक ठिकाणी दोन्ही पार्ट्यांच्या लेखी संमतीने परवानगी आहे.

दोन ऑफिसं असली की हा प्रकार आणखी वाईट होतो, कारण तो दिसत नाही. एकाच ऑफिसात दोन्ही बाजू असतील तर कागदावर एकच नाव येतं आणि कुणीतरी विचारतं. दोन ऑफिसांच्या दोन लेटरहेडवर दोन बाजू आल्या की पार्ट्यांना वाटतं, आपापला स्वतंत्र माणूस आहे. प्रत्यक्षात माणूस एकच असतो. संमतीने दोन्ही बाजू चालतात अशा ठिकाणी तुम्ही काम करत असाल, तरी दोन ऑफिसांतून तसं करू नका, असंच मी सांगेन. एक बाजू सोडा आणि सोडल्याचं त्याच दिवशी कळवा.

दोन शेजारशेजारच्या घरांचे मालक, एक या ऑफिसात, एक त्या ऑफिसात. दोघांची घरं मी विकू शकते का?

या प्रश्नावर एक प्रसिद्ध खटला आहे, केली विरुद्ध कूपर. बर्म्युडात समुद्रकाठी दोन शेजारची घरं एकाच इस्टेट एजंटाकडे विक्रीला होती. अमेरिकी उद्योगपती रॉस पेरो यांनी त्यांतलं एक घ्यायचं पक्कं केलं आणि मग दुसऱ्यासाठीही बोली लावली. दुसऱ्या मालकाला पहिल्या सौद्याची काहीच कल्पना नव्हती. त्याने बोली स्वीकारली. नंतर त्याच्या लक्षात आलं की याला दोन्ही घरं हवी होती हे कळलं असतं तर आपण जास्त मागितलं असतं. त्याने एजंटावर दावा लावला.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे बर्म्युडासारख्या ब्रिटिश प्रदेशांच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि १९९२मध्ये निकाल एजंटाच्या बाजूने लागला. तर्क असा: इस्टेट एजंट एकाच वेळी अनेक मालकांची, एकमेकांशी स्पर्धा करणारी घरं विकतो हे त्याला नेमताना मालकाला माहीत असतं. एका मालकाची गुप्त माहिती दुसऱ्याला सांगायला त्याला बांधून घेतलं तर तो धंदाच करू शकणार नाही.

काही एजंट हा निकाल ढालीसारखा पुढे करतात. पण तो नीट वाचला तर त्याचा सगळा डोलारा ‘मालकाला माहीत असतं’ या एका गोष्टीवर उभा आहे. तुमचं दुसरं ऑफिस आहे हे मालकाला माहीतच नसेल, तर ती ढाल तुमच्या हातात नाही. तेव्हा शेजारची दोन घरं विकायला हरकत नाही, पण दोन्ही मालकांना आधी कळू द्या की दुसरं घरही तुमच्याकडे आहे. आणि एकच ग्राहक दोन्ही घरांभोवती फिरायला लागला की एक घर सहकाऱ्याकडे द्या.

मग गुप्त ठेवायचं काय आणि सांगायचं काय?

पार्टीची माहिती आणि घराची माहिती वेगळी करा. मालक किती खाली येईल, त्याला घाई का आहे, घरात भांडण चालू आहे, खरेदीदाराला बँक किती कर्ज देतेय, ही पार्टीची माहिती. ती ज्या ऑफिसात कळली तिथेच राहते. सौदा संपला तरी, तुम्ही ऑफिस सोडलं तरी.

भिंतीत ओल आहे, छत गळतं, वरचा मजला परवानगीशिवाय बांधलाय, घरावर दावा चालू आहे, ही घराची माहिती. ती मालकाचं गुपित नव्हे. ‘मला हे दुसऱ्या ऑफिसात कळलं, म्हणून इथे बोललो नाही’ हे कारण देऊन दोष लपवता येत नाही. अशी माहिती हाती आली आणि ती सांगायची सोय नसेल, तर त्या घराच्या व्यवहारात राहू नका.

दोन ऑफिसांत मिळून एखादी ‘भिंत’ घालता येत नाही का? मी इकडचं तिकडे सांगणारच नाही असं ठरवलं तर?

भिंत दोन माणसांमध्ये घालता येते. मोठ्या कंपन्या तसं करतात: दोन एजंट, दोन फायली, एकमेकांच्या फोल्डरला प्रवेश नाही. एकाच माणसाच्या डोक्यात भिंत घालता येत नाही. कळलेलं विसरायचं ठरवून विसरता येत नाही, आणि तुम्ही बोलला नाहीत तरी ते तुमच्या सल्ल्यात उतरतं. ‘अजून एक आठवडा थांबून बघा’ एवढं म्हणालात तरी ते उतरलं.

लीड कुणाची? या ऑफिसची की त्या?

लीड म्हणजे चौकशी करत आलेला संभाव्य ग्राहक. ग्राहकांशी होणाऱ्या संघर्षापेक्षा या प्रश्नावरून जास्त भांडणं होतात, आणि त्यांतली बरीचशी टाळता येण्यासारखी असतात.

समजा एका ऑफिसात तुमचा वाटा निम्मा आहे आणि दुसऱ्यात सत्तर टक्के. पहिल्या ऑफिसच्या जाहिरातीवरून फोन आला. ग्राहक चांगला आहे, लगेच घेईल असा आहे. मनात येतंच की याला दुसऱ्या ऑफिसात बसवावं. चांगल्या चांगल्या लोकांच्या मनात हे आलेलं मी पाहिलंय. पण जाहिरातीचे पैसे पहिल्या ऑफिसने भरले, फोन त्यांच्या नंबरवर आला, साइट व्हिजिटला गाडी त्यांची गेली. तो ग्राहक तुम्ही दुसरीकडे नेलात तर ज्याच्यासाठी काम करता त्याच्याच मालाला हात लावलात. याला मी चोरी म्हणते. सौम्य शब्द मला सापडत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. प्रत्येक चौकशी आली की त्याच क्षणी नोंद करायची: तारीख, वेळ, कुठल्या नंबरवर, कुठल्या जाहिरातीवरून, कुणाच्या ओळखीने. दोन ऑफिसांसाठी दोन वेगळे फोन नंबर ठेवायचे. जमलं तर दोन फोन ठेवा. एकाच फोनवर दोन ऑफिसांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असले की एका ग्रुपचा फोटो दुसऱ्यावर जायला एक चुकीचा अंगठा पुरतो. कुठल्याच ऑफिसच्या खर्चाने न आलेले, म्हणजे तुमचे नातेवाईक, जुने ग्राहक, शेजारी हे कुणाकडे जातील ते करारातच लिहून घ्या. आणि ग्राहक स्वतः म्हणाला की ‘मला त्या दुसऱ्या ऑफिसातूनच करायचंय’, तर ते त्याच्याकडून लिहून घेऊन पहिल्या ऑफिसला कळवा. ग्राहक कुणाच्या मालकीचा नसतो, कुठे जायचं ते तो ठरवतो. तुम्ही त्याला ढकलायचं नसतं.

दुसरीकडून थोडं ‘वरचं’ मिळालं तर? त्यात पार्टीचं काय जातं?

पार्टीचं जे जातं ते तिला दिसत नाही, म्हणूनच ते गंभीर आहे. २००४मध्ये मोंटे कार्लो ग्रँड हॉटेल २१ कोटी १५ लाख युरोंना विकलं गेलं. खरेदीदारांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या एजंटाने विकणाऱ्याकडूनही १ कोटी युरो दलाली ठरवून घेतली होती आणि खरेदीदारांना ती नीट सांगितली नव्हती. २०१४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी लपवून घेतलेली दलाली एजंटाची होतच नाही. ती मिळाल्या क्षणापासून त्याच्या ग्राहकाचीच असते. इथे दंड भरून सुटायचं नसतं, पैसेच तुमचे नसतात. त्या पैशांतून काही विकत घेतलं असेल तर ग्राहक त्यावरही हक्क सांगू शकतो.

रक्कम लहान असली तरी तत्त्व तेच आहे. गृहकर्ज मिळवून देणाऱ्याकडून, इंटिरिअरवाल्याकडून, सामान हलवणाऱ्याकडून येणारं कमिशनही यात येतं. ते घेणं सगळीकडे बेकायदा नाही, पण ग्राहकाला आधी सांगायला हवं. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तर सेल्सपर्सनला दलाली फक्त ज्याच्या नावाखाली परवाना आहे त्या ब्रोकरच्या हातूनच घेता येते.

एक सोपी कसोटी मी वापरते. जे पैसे घेताना बिल फाडायची लाज वाटते, ते घ्यायचे नाहीत.

ग्राहकासाठी बघितलेलं घर मला किंवा माझ्या भावाला आवडलं तर?

१८७२च्या भारतीय करार कायद्यात यावर दोन उदाहरणं दिली आहेत, आणि दीडशे वर्षांनंतरही ती आजच्या एजंटासाठीच लिहिल्यासारखी वाटतात. कलम २१५खालचं उदाहरण: मालकाने एजंटाला आपली मालमत्ता विकायला सांगितली आणि एजंटाने ती तिसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतली. त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली असेल किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा असेल, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम २१६खालचं उदाहरण: एजंटाला विशिष्ट घर घ्यायला सांगितलं, त्याने ‘ते मिळत नाही’ म्हणून कळवलं आणि स्वतः घेतलं. ग्राहकाला कळलं तर एजंटाने दिलेल्या किमतीलाच ते घर ग्राहक त्याच्याकडून मागू शकतो.

इंग्लंडमध्ये १९७९च्या इस्टेट एजंट्स कायद्यानुसार वाटाघाटी सुरू होण्याआधीच आपला वैयक्तिक संबंध उघड करावा लागतो. न्यूझीलंड आणखी पुढे गेलंय: एजंट किंवा त्याचं जवळचं माणूस ग्राहकाचं घर घेणार असेल तर ग्राहकाची लेखी संमती लागतेच, शिवाय स्वतंत्र मूल्यांकनही द्यावं लागतं.

दोन ऑफिसांत काम करणाऱ्याला इथे एक खास मोह असतो: एका ऑफिसात आलेलं घर दुसऱ्या ऑफिसच्या मार्फत स्वतःसाठी घ्यायचं, म्हणजे नाव पुढे येत नाही. वरच्या पहिल्या उदाहरणातला ‘तिसरा’ तो हाच.

उघड करायचं म्हणजे नक्की कुणाला, कधी आणि कसं?

आधी दोन्ही ऑफिसांना. काम सुरू करण्यापूर्वी आणि लेखी. मग प्रत्येक ग्राहकाला, त्याने तुम्हाला आपली गुपितं सांगण्यापूर्वी. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ऐकून घेतल्यानंतर ‘तसं मी तिकडेही काम करते’ म्हणालात तर समोरच्याला आपले शब्द परत घेता येत नाहीत.

‘सगळ्यांना माहीतच आहे’, ‘व्हिजिटिंग कार्डवर दोन्ही नावं आहेत’, ‘करारात शेवटच्या पानावर लिहिलंय’ यांपैकी काहीही उघड करणं नव्हे. समोरच्याला त्याच्या भाषेत, त्याच्यावर काय परिणाम होईल तेही सांगावं लागतं. मी वापरायचे तो मजकूर साधारण असा:

“मी या ऑफिसशिवाय आणखी एका ब्रोकरेजसाठी काम करते. त्या ऑफिसचा ग्राहक तुमच्या घरासाठी आला, तर त्याचं काम मी पाहणार नाही आणि ही गोष्ट तुम्हाला त्याच दिवशी कळवीन. तुम्ही मला सांगितलेली किंमत, घाई किंवा घरगुती कारणं मी तिथे कुणालाही सांगणार नाही. हे तुम्हाला पटत नसेल तर तुमचं काम याच ऑफिसातली दुसरी व्यक्ती पाहील. त्यासाठी कुठलाही जादा खर्च लागणार नाही. नंतर मत बदललं तरी सांगा.”

खाली दुसऱ्या ऑफिसचं नाव, तारीख आणि सही. शंभरातला एखादा ग्राहक ‘नको’ म्हणेल. त्याला तो हक्क आहे. बाकीचे सही करतात आणि पुढच्या वेळी तुमचंच नाव विचारत येतात, हा माझा अनुभव आहे.

मालकाने तोंडावर विचारलं, “दुसरीकडेही काम करता का?” तर?

हो म्हणायचं.

मी ब्रोकरेज चालवतो. अशा एजंटाला ठेवावं का?

चांगला एजंट असेल आणि नियम परवानगी देत असतील तर ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या ऑफिसच्या प्रमुखाशी स्वतः एकदा बोला. एजंटाच्या मार्फत निरोप नकोत. कुठला भाग, कुठल्या प्रकारची घरं, कुठले ग्राहक या ऑफिसचे ते करारात लिहा. तुमची संपूर्ण यादी त्याला उघडी ठेवू नका. ज्या फायलींवर त्याचं काम आहे तेवढ्याच दाखवा. सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकांच्या शेवटच्या किमती मोठ्याने वाचल्या जात असतील तर ती सवय मोडा. ती तशीही धोक्याचीच आहे. विम्याची पॉलिसी काढून बघा, कारण व्यावसायिक चुकांचा विमा बहुधा तुमच्या नावाखाली केलेल्या कामापुरताच असतो.

आणि एजंटाने येऊन सांगितलं की ‘या व्यवहारात माझा संघर्ष होतोय, मला बाजूला करा’, तर त्याचा वाटा कापून वर त्याला ओरडू नका. तसं केलंत तर पुढचा संघर्ष तुम्हाला कुणी सांगणार नाही. शक्य असेल तर त्याने तोवर केलेल्या कामाचं काहीतरी द्या आणि ते मालकाला माहीत असू द्या.

सौदा अर्ध्यावर आल्यावर संघर्ष लक्षात आला तर?

तिथेच थांबा. दोन्ही ऑफिसांना त्याच दिवशी कळवा, ग्राहकाला तुमच्या ऑफिसच्या प्रमुखासमोर सांगा, आणि पुढचं काम दुसऱ्याच्या हाती देताना फक्त त्या बाजूची कागदपत्रं द्या. हाती देताना चार गोष्टी ‘सहज’ सांगू नका. माझ्या हातून पहिल्यांदा जवळजवळ हेच झालं होतं. मी सहकाऱ्याला म्हणणारच होते की ‘त्या बाईंना जरा सांभाळून घे’, आणि तेवढ्यात लक्षात आलं की एवढ्यानेही त्याला घाईचा सुगावा लागला असता.

‘बोली स्वीकारली, आता माझं काम संपलं’ असंही समजू नका. १९२७च्या केपेल विरुद्ध व्हीलर या इंग्लिश खटल्यात मालकाने एक बोली तत्त्वतः मान्य केल्यावर एजंटाकडे जास्त रकमेची दुसरी बोली आली. त्याने ती मालकाला कळवलीच नाही. न्यायालयाने सांगितलं की बांधील करार होईपर्यंत एजंटाची जबाबदारी चालूच असते, आणि नुकसानभरपाई लावली. दोन ऑफिसांत काम करणाऱ्याकडे ही उशिराची बोली अनेकदा दुसऱ्या ऑफिसच्या दारातून येते. ‘तिकडच्या ग्राहकाची बोली आहे, मी कशी सांगू?’ असा पेच पडतो. तो पडला म्हणजेच तुम्हाला या व्यवहारातून आधीच बाहेर पडायला हवं होतं. निदान आता ती बोली त्या ऑफिसच्या प्रमुखाकडून, अधिकृतपणे, मालकाच्या एजंटाकडे जाऊ द्या.

एक ऑफिस सोडतोय. बरोबर काय नेता येतं?

स्वतःच्या खर्चाने जमवलेल्या ओळखी आणि स्वतःचं शिक्षण. ऑफिसची यादी, मालकांचे नंबर, चाव्या, करारांच्या प्रती, फोनमधले घरांचे फोटो आणि नकाशे परत करायचे किंवा ऑफिसच्या माणसासमोर पुसायचे. चालू असलेल्या सौद्यांची यादी करून कुठला कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुमचा वाटा किती हे दोघांच्या सहीने लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी दलालीवरून वाद होणारच. मी निघताना चाव्यांचा जुडगा मोजून दिला होता आणि पावती घेतली होती. एकवीस चाव्या होत्या. त्यांतल्या एकीचं घर आधीच विकलं गेलं होतं, तरी ती चावी माझ्या ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून होती. नव्या मालकांना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं की कुलूप बदलून घ्या.